‘नोआश’ : नाद सोडण्याचा शब्द

हिब्रू बायबलमध्ये ‘निराश होणे’ या अर्थाचा ‘याअश’ हा धातू जेमतेम ६ ठिकाणी येतो. आपल्या ‘निराशे’त डोळ्यांत पाणी असतं, या शब्दात मात्र बहुतेकदा हात झटकणं आहे.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात (२७:१) जीव वाचवत फिरणारा दावीद ठरवतो, पलिष्ट्यांच्या मुलखात गेलो की शौल राजा माझा शोध ‘याअश’ करेल. शौल काही रडत बसणार नाही, पाठलागाचा नाद सोडेल, एवढंच. यिर्मयाच्या पुस्तकात तर लोक संदेष्ट्याला ‘नोआश’ (याच धातूचं एक रूप) म्हणून उडवून लावतात. उपयोग नाही, आम्ही आमच्याच वाटेनं जाणार! यात दुःख कमी, हट्ट जास्त. ‘उपदेशक’ या पुस्तकात (२:२०) माणूस केलेल्या कष्टांबद्दल स्वतःचंच मन निराश होऊ देतो. आपल्या ओळखीची उदासी खरी तिथे भेटते.

पुढे ज्यू धर्मशास्त्र्यांनी याच धातूचं नाम, ‘येऊश’, चक्क हरवलेल्या वस्तूंच्या कायद्यात वापरलं. रस्त्यात सुटी नाणी विखुरली आहेत, त्यांवर ओळखीची खूण नाही. मालकानं त्यांवर पाणी सोडलं असेल, तर ती सापडणाऱ्याची. पण नाणी पडल्याचं मालकाला अजून कळलंच नसेल तर? तालमूद या ज्यू धर्मग्रंथात यावर अबाये आणि रावा या दोन पंडितांचा वाद रंगतो. माहीतच नसलेल्या गोष्टीची आशा सोडता येत नाही, हे अबायेचं म्हणणं शेवटी ग्राह्य ठरलं.

आजच्या इस्रायलमध्ये ‘येऊश’ म्हणजे सरळ निराशा.