लॅपटॉप घ्यायचाय? नाव बघायचं की किंमत?



शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत बैठकांना गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ग्रामसंघासाठी लॅपटॉप घ्यायचाय. नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा की स्वस्तातला?" एकीकडे एचपी, डेल, लेनोव्हो, एसर, असूस अशा कंपन्यांचे चाळीस हजारांच्या आसपासचे लॅपटॉप, तर दुसरीकडे पंधरा-अठरा हजारांचे. दिसायला दोन्ही सारखेच. मग वरचे वीस-पंचवीस हजार कशाचे?

प्रश्न रास्त आहे. हा पैसा कुणा एकीचा नाही. तो गटागटांच्या बचतीतून आणि व्याजातून उभा राहिलाय. म्हणून दुकानात जाण्याआधी हे वाचा आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

आधी काम ठरवा

गटांच्या व्यवहारांची नोंद आपण लोकोस ॲपमध्ये मोबाईलवरच करतो. फक्त त्यासाठी लॅपटॉप लागत नाही. लॅपटॉप लागतो तो लेखापरीक्षणाचे तक्ते, बँकेची पत्रं आणि प्रस्ताव, पापड-मसाल्याच्या ऑर्डरची बिलं, लेबलं आणि प्रशिक्षणाची व्हिडिओ बैठक यासाठी. यातली कोणती कामं आपल्याकडे दर महिन्याला होतात ती कागदावर लिहा. दोनच निघाली, तर प्रभागसंघाच्या कार्यालयातला लॅपटॉप आळीपाळीने वापरता येतो का ते विचारा. ज्या वस्तूची गरजच नाही ती स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

आत काय असतं?

लॅपटॉपला आपलं स्वयंपाकघर समजा. प्रोसेसर म्हणजे चूल. जाळ चांगला तर काम लवकर. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. 4 जीबी रॅमवर एक्सेल, इंटरनेट आणि व्हिडिओ बैठक एकदम उघडली की लॅपटॉप अडकतो तो यामुळेच. स्टोरेज म्हणजे कणगी. त्यात दोन प्रकार: एसएसडी आणि ईएमएमसी. ईएमएमसी स्वस्त पण संथ, आणि ती बोर्डालाच जोडलेली असते, त्यामुळे नंतर वाढवता येत नाही.

विंडोज 11 साठी कंपनीने किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज सांगितलंय. पण किमान म्हणजे नुसतं सुरू होण्यापुरतं. 64 जीबीतली बरीच जागा विंडोजच खातं आणि पुढे अपडेटलाही जागा उरत नाही. कार्यालयाच्या कामासाठी 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी याच्या खाली जाऊ नका.

स्वस्तातही तीन प्रकार आहेत

*पहिला, अँड्रॉइडवर चालणारा.* जुलै 2023 मध्ये रिलायन्सचा जिओबुक 16,499 रुपयांना जाहीर झाला, तो याच जातीचा. म्हणजे मोठा पडदा आणि कीबोर्ड असलेला मोबाईलच म्हणा ना. मुलांचे व्हिडिओ धडे, टायपिंग, मेल यांना ठीक. पण टॅलीसारखी विंडोजसाठी बनवलेली सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत.

*दुसरा, विंडोजचा पण हलक्या दर्जाचा.* सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 64 किंवा 128 जीबी ईएमएमसी. सुरुवातीला चालतो, पुढे संथ होत जातो. आणि लक्षात ठेवा, असे मॉडेल मोठ्या कंपन्याही विकतात. झाकणावर मोठं नाव आहे म्हणून आतलं चांगलंच असेल असं नाही.

*तिसरा, मोठ्या कंपनीचा पण वापरलेला.* शहरातल्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप दुरुस्त करून विकतात. त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. हे मजबूत असतात आणि किंमत निम्म्यावर येते. पण इथेच फसगत जास्त. दुकानदार म्हणतो, "ताई, आय-फाइव्ह आहे!" तेव्हा विचारा, कितव्या पिढीचा? प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा. आय5-8250यू मध्ये आडव्या रेघेनंतर 8 आहे, म्हणजे आठवी पिढी. आय5-6300यू म्हणजे सहावी. इंटेलचा असेल तर विंडोज 11 ला साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. ज्या लॅपटॉपवर आपण बँकेचं काम करणार, तो जुन्या विंडोजवर ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं.

काही लॅपटॉपवर 'डॉस' लिहिलेलं असतं. त्यात विंडोज नसतं, म्हणून तो स्वस्त. दुकानदार "मी फुकट टाकून देतो" म्हणाला, तर ती चोरीची प्रत असू शकते. त्यासोबत व्हायरस येऊ शकतो आणि गेलाच तर आपल्या खात्यातला पैसा जातो. विंडोजची किंमत धरूनच तुलना करा.

नावाच्या कंपनीत जास्तीचं काय मिळतं?

मुख्य म्हणजे दुरुस्ती आणि सुटे भाग. लॅपटॉप बंद पडला की शहापूरच्या ताईने आसनगावला यायचं, लोकल पकडायची आणि कल्याण-ठाणे गाठायचं. मुरबाडला तर रेल्वेच नाही, एसटीने कल्याण. एका खेपेला एक दिवसाची मजुरी जाते, आणि सर्व्हिस सेंटर मुंबईपलीकडे असेल तर दोन. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाका, शहापूर 421601, मुरबाड 421401, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. वॉरंटीत 'ऑनसाइट' म्हणजे घरी येऊन दुरुस्ती लिहिलेलं असलं, तरी ती आपल्या गावाला लागू आहे का, हे फोन करून विचारा. ज्या कंपनीचं सेंटरच सापडत नाही, तिची वॉरंटी कागदावरच राहते.

वर्षाचा हिशोब मांडा

समजा 18,000 चा लॅपटॉप दोन वर्षं चालला, तर वर्षाला 9,000 पडले. 42,000 चा पाच वर्षं चालला, तर वर्षाला 8,400. पण तोच 18,000 चा तीन वर्षं टिकला, तर वर्षाला 6,000 च. म्हणजे स्वस्त नेहमीच वाईट असं नाही. किती वर्षं चालेल यावर सगळं आहे. आणि ते रॅम-स्टोरेज किती, दुरुस्ती कुठे आणि वापर कोणता, यावर ठरतं.

माझं मत विचाराल तर ग्रामसंघासाठी ओळखीच्या कंपनीचा, 8 जीबीवाला नवीन घ्या. तेवढे पैसे नसतील तर आठव्या पिढीपुढचा वापरलेला, लेखी वॉरंटीसह. घरी मुलीच्या अभ्यासापुरता हवा असेल तर स्वस्तातला चालेल. मात्र कॉलेजात तिला कोणतं सॉफ्टवेअर लागणार ते आधी तिला विचारा. त्यासाठी गटातून मोठं कर्ज काढू नका.

घेताना हे करा

• बैठकीत ठराव करा, किमान तीन दरपत्रकं मागवा. दरपत्रकात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, स्टोरेज आणि वॉरंटी लिहून घ्या.

• लॅपटॉप आणि चार्जरवर आर ने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा.

• वापरलेला असेल तर दुकानातच अर्धा तास चार्जरशिवाय चालवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, बॅटरी लंगडी नको.

• युनिकोड मराठी टाइप करून बघा. एक्सेल विकत घेणं परवडत नसेल तर लिबर ऑफिस मोफत आहे.

• पक्कं जीएसटी बिल घ्या, ग्रामसंघाच्या नावावर, त्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर हवा. "बिल नको, दोन हजार कमी करतो" याला भुलू नका. बिल नाही तर वॉरंटी अडेल, आणि लेखापरीक्षणात उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल.

• जडसंग्रह नोंदवहीत नोंद करा. लॅपटॉप कुणाकडे राहील, पासवर्ड कोणत्या दोघींना माहीत असेल, तेही ठरावात लिहा.

• दर महिन्याला सगळ्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा. लॅपटॉप दुरुस्त होतो, गेलेला हिशोब परत येत नाही.

दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. बिल हाताशी ठेवा.

2016 च्या डिसेंबरात आपल्या मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. यंत्रं आपल्याला नवीन नाहीत. आपण भाजी घेताना वांगं उलटून बघतो, साडी घेताना पदर उजेडात धरतो. लॅपटॉपही तसाच उलटून-पालटून, प्रश्न विचारून घ्यायचा. पुढच्या बैठकीला कामांची यादी आणि दरपत्रकं घेऊन या, आपण मिळून बघू.