आजारपणात थायरॉईडचा रिपोर्ट का बिघडतो? रक्तातल्या चरबीचा त्याच्याशी काय संबंध?

समजा, मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एका घरातल्या आजी न्यूमोनियामुळे आठवडाभर आयसीयूमध्ये आहेत. बाकीच्या तपासण्यांसोबत थायरॉईडचीही तपासणी होते. रिपोर्टमध्ये 'फ्री टी-४' वाढलेलं, टी-३ कमी आणि टीएसएच मात्र नॉर्मल. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर येतो आणि प्रश्न सुरू होतात. आजींना थायरॉईड झाला का? गोळी कधी सुरू करायची?

अशा वेळी बऱ्याचदा थायरॉईड ग्रंथी ठणठणीत असते. आजारामुळे बदललेलं असतं ते रक्त.

गैरसमज होणं सोपं आहे, कारण थायरॉईडचा त्रास आपल्याकडे खरोखरच खूप आहे. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हायपोथायरॉईडिझम आढळला होता.

'फ्री टी-४' म्हणजे काय?

थायरॉईड ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही हार्मोन्स रक्तात सोडते. पण ९९.९ टक्क्यांहून जास्त टी-४ रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे थायरॉक्सिन बाइंडिंग ग्लोब्युलिन, म्हणजेच टीबीजी. ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन ही बाकीची दोन.

मोकळं म्हणजे 'फ्री' टी-४ दहा हजार रेणूंमागे जेमतेम दोन-तीन असतं. पेशींना उपयोगी पडतं ते हेच. आता दहा हजारांतले आणखी तीन रेणू सुटले, तर एकूण टी-४ तेवढंच राहील, पण 'फ्री'चा आकडा दुप्पट होईल.

यात चरबी कुठून आली?

ताप, उपासमार किंवा शरीरावरचा ताण यांमुळे ॲड्रेनलिनसारखी हार्मोन्स वाढतात. साठलेली चरबी वितळते आणि फॅटी ॲसिड्स इंधन म्हणून रक्तात उतरतात. त्यांची ने-आण अल्ब्युमिन करतं.

लोकलच्या सीटवर तिघे बसतात, गर्दीत चौथाही टेकतो. तसंच अल्ब्युमिन थोडी जादा फॅटी ॲसिड्स सामावून घेतं. पण गंभीर आजारात एकीकडे फॅटी ॲसिड्स वाढतात आणि दुसरीकडे अल्ब्युमिनच कमी होतं. एका अल्ब्युमिनमागे साधारण पाचपेक्षा जास्त फॅटी ॲसिड्स झाली, की उरलेली टीबीजीकडे वळतात आणि तिथलं टी-४ सुटू लागतं.

मात्र शरीरात एवढी गर्दी क्वचितच होते. १९८० च्या दशकात या मुद्द्यावर बरंच संशोधन आणि वाद झाले. ही गर्दी जास्त करून होते ती टेस्ट ट्यूबमध्ये.

टेस्ट ट्यूबमध्ये काय होतं?

इथे हेपॅरिन येतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून आयसीयूत आणि डायलिसिसच्या वेळी ते दिलं जातं. हेपॅरिनमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम सुटून रक्तात येतं. ते ट्रायग्लिसराइड्स तोडून फॅटी ॲसिड्स बनवतं.

रक्त काढल्यावरही हे काम थांबत नाही. नमुना जितका वेळ पडून राहील आणि जितका उबेत राहील, तितकी फॅटी ॲसिड्स वाढतात आणि टी-४ सुटत जातं. रिपोर्टमध्ये 'फ्री टी-४' वाढलेलं दिसतं, पण रुग्णाच्या शरीरात ते तेवढं नसतंच. तपासणीच्या पद्धतीनुसार हा फरक कमी-जास्त होतो.

मग टी-३ कमी का झालं?

त्याचं कारण वेगळं आहे. गंभीर आजारात शरीर टी-४ पासून टी-३ बनवणं कमी करतं. आजार वाढला तर टीएसएच आणि टी-४ सुद्धा घसरू शकतं. याला 'नॉन-थायरॉयडल इलनेस सिंड्रोम' म्हणतात. बरं होताना टीएसएच काही दिवस उलट वाढतं, कधीकधी २० पर्यंतही जातं. नेमका तेव्हाचा रिपोर्ट पाहून आयुष्यभराची गोळी सुरू होण्याचा धोका असतो.

अशा रुग्णांना हार्मोन देऊन पाहिलं गेलं आहे. १९८६ मध्ये ब्रेंट आणि हर्शमन या अमेरिकी डॉक्टरांच्या अभ्यासात टी-४ दिल्याने गंभीर रुग्णांचा जीव वाचण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं.

तुम्ही काय करायचं?

- हेपॅरिन, त्याच्या प्रकारातलं एनोक्सापॅरिन किंवा डायलिसिस सुरू असेल, तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. शक्य असेल तर रक्त हेपॅरिनच्या डोसआधी द्या.
- फ्री टी-४ जास्त आणि टीएसएच नॉर्मल असेल, तर एकूण टी-४ तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. फॅटी ॲसिड्समुळे झालेल्या गोंधळात ते सहसा वाढत नाही.
- संशय राहिला तर पूर्ण बरं झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा.
- थायरॉईडची गोळी आधीपासून सुरू असेल, तर आजारपणात ती स्वतःहून बंद करू नका.

एकादशीच्या उपवासानेही रिपोर्ट बिघडतो का?

उपवासात फॅटी ॲसिड्स वाढतात, पण निरोगी माणसाचं अल्ब्युमिन तेवढी सहज सांभाळतं. त्यामुळे एका दिवसाच्या उपवासाची काळजी नको.

अर्थात, आजारपणातला प्रत्येक रिपोर्ट खोटा नसतो. गळ्याला सूज, कारण न सापडणारी धडधड, शरीराचं तापमान फार उतरणं किंवा थायरॉईडचा जुना आजार असेल, तर आयसीयूतही तपासणी करावीच लागते. टीएसएच खूपच जास्त किंवा अगदी शून्याजवळ असेल, तर सहा आठवडे थांबायचं की लगेच उपचार करायचे, हे एंडोक्रायनॉलॉजिस्टनाच ठरवू द्या.