बर्फाच्या मुलखाचा नकाशा

मी शाळेत भूगोल शिकवीत असे. जगाचा नकाशा भिंतीवर टांगला, की एखादे पोर उत्तर अमेरिकेच्या माथ्यावर बोट ठेवून हमखास विचारी, "गुरुजी, इथला किनारा असा उंदराने कुरतडल्यासारखा का?"

तो किनारा कॅनडा देशाचा. तिथे वर्षातले बरेच महिने समुद्रही गोठलेला असतो. झाड नाही, सरपण नाही. ऐन थंडीत सूर्य जेमतेम डोके वर काढतो. मग नकाशावरची ती रेघ ओढली कोणी? बरीचशी ओढली कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी.

त्या काळी युरोपात बीव्हरच्या केसांच्या टोप्यांना मोठी मागणी होती. बीव्हर हा पाण्यात राहणारा, उंदराच्या जातीचा, पण कुत्र्याएवढा प्राणी. त्याच्या कातड्यांच्या व्यापारासाठी सन १६७० मध्ये लंडनला हडसन्स बे कंपनी निघाली. कंपनीने समुद्रकाठी कोठ्या बांधल्या. तिथले मूळ रहिवासी शिकार करून कातडी आणीत. बदल्यात सुऱ्या, भांडी, बंदुका, घोंगड्या नेत. व्यापार वाढवायचा, तर पुढचा मुलूख ठाऊक हवा. म्हणून कंपनी आपली माणसे किनारा शोधायला धाडी. सॅम्युअल हर्न १७७१ साली पायी उत्तर समुद्राशी पोचला. डीझ आणि सिम्प्सन या दोघांनी १८३७ ते १८३९ मध्ये किनाऱ्याचा मोठा तुकडा नकाशावर आणला. मला मात्र सांगायची आहे ती डॉक्टर जॉन रे याची हकिगत.

रे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरचा. १८३३ साली तो कंपनीच्या जहाजावर डॉक्टर म्हणून आला. आजारी माणसांना औषध देता देता तो शिकार शिकला, बर्फावरून चालायला शिकला. पायाला चपट्या जाळीचे जोडे बांधून मैलच्या मैल तुडवायचा गडी!

१८४६ साली कंपनीने त्याला किनारा मोजायला धाडले. बरोबर दहा-बारा माणसे आणि दोन होड्या. राहायचे वर्षभर, आणि शिधा फार तर चार महिन्यांचा! बाकीचे पोट शिकारीवर आणि मासळीवर. रिपल्स बे नावाच्या उपसागराशी त्यांनी दगडाचे घर बांधले. भिंती पक्क्या, पण आत गारठा. जाळायला काय, तर जमिनीलगत वाढणारी खुरटी झुडपे.

तिथे इन्युइट लोक राहत. पूर्वी त्यांना एस्किमो म्हणत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्यांचे घर पाहून डॉक्टर चकित झाला. वाऱ्याने दाबून घट्ट झालेले हिम ते लांब सुरीने कापीत. त्याच्या विटा गोल रचीत वर नेत. तासा-दोन तासांत घुमट तयार. वारा आत शिरत नाही. माणसांच्या अंगची ऊब आणि चरबीचा दिवा, एवढ्यावर रात्र निघते. रे हे त्यांच्याकडून शिकला. मग तंबूचे ओझे कशाला? मुक्कामाला घर बांधावे, सकाळी पुढे निघावे. परतताना तीच घरे तयार! पुढे १८५३ च्या मोहिमेत तर त्याने सारा हिवाळा हिमाच्या घरात काढला, आणि तो दगडी घरापेक्षा सुखाचा गेला.

आता मोजणी. दुपारी सूर्य किती उंच आहे हे यंत्राने पाहायचे, म्हणजे आपण किती उत्तरेला आलो ते कळते. होकायंत्र तिथे धड चालत नाही, कारण चुंबकाचा उत्तर ध्रुव त्याच भागात होता. बोटे बधिर, शाई गोठलेली. १८४७ च्या वसंतात रे याने सहाशेहून अधिक मैल किनारा मोजला, आणि माणसे सुखरूप परत आणली.

याच सुमारास इंग्लंडच्या आरमाराची दोन जहाजे तिकडे हरवली होती. सर जॉन फ्रँकलिन १२९ माणसे आणि तीन वर्षांचा शिधा घेऊन १८४५ साली गेले, ते परतलेच नाहीत. १८५४ च्या एप्रिलात रे याला एक इन्युइट भेटला. त्याच्या डोक्याला सोनेरी पट्टी होती. ती आली कुठून? तो म्हणाला, लांब पश्चिमेला पस्तीस-चाळीस गोरे लोक उपासमारीने मेले. सांगणारा स्वतः तिथे गेला नव्हता, त्याने दुसऱ्यांकडून ऐकले होते. म्हणून रे याने दुभाष्यामार्फत अनेकांना खोदून खोदून विचारले. त्यांच्याकडून चांदीचे काटे-चमचे विकत घेतले. एका लहान तबकडीवर फ्रँकलिनचेच नाव होते. आणखी एक भयंकर गोष्ट इन्युइटांनी सांगितली. शेवटी भुकेने त्या लोकांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले होते.

त्याच मोहिमेत रे याने एक सामुद्रधुनीही शोधली. पुढे आमुंडसेन आपले जहाज त्याच वाटेने घेऊन गेला, आणि उत्तरेकडून पश्चिमेला जाणारा जलमार्ग १९०६ मध्ये पुरा झाला.

रे लंडनला पोचला आणि त्याचा अहवाल वर्तमानपत्रात छापून आला. लोक खवळले. इंग्रज खलाशी असे करणारच नाहीत, ते रानटी लोक खोटे बोलतात, असे म्हणू लागले. चार्ल्स डिकन्ससारख्या मोठ्या लेखकाने आपल्या साप्ताहिकात तसे लेख लिहिले. डिकन्सला मी मानतो, पण इथे तो चुकला. तो त्या मुलखात कधी गेला नव्हता, त्या माणसांशी बोलला नव्हता. रे मात्र आपल्या शब्दापासून हटला नाही. त्याला व त्याच्या माणसांना मिळून दहा हजार पौंड बक्षीस मिळाले. 'सर' ही पदवी मात्र त्याला कधीच मिळाली नाही. १८९३ मध्ये तो वारला.

पुढे त्या खलाशांची हाडे सापडली. शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा त्यांवर सुरीच्या खुणा दिसल्या. बुडालेले एक जहाज २०१४ साली मिळाले, इन्युइटांच्या जुन्या हकिगतींनी दाखविलेल्या भागात. दुसरे २०१६ मध्ये मिळाले. ते शोधणाऱ्यांच्या बोटीवर तिथलाच एक इन्युइट होता. काही वर्षांपूर्वी शिकारीला व मासळीला निघालो असता गोठलेल्या समुद्रातून एक लाकडी खांब वर आलेला पाहिला होता, असे त्याने सांगितले. बोट तिकडे वळली. जहाज तिथेच तळाशी होते.