नळीतला मगज, नवं रक्त

कोल्हापुरात मटणाच्या ताटात नळी आली की ती ठोकून आतला मगज चवीनं खाल्ला जातो. हा मगज म्हणजेच अस्थिमज्जा. मोठ्या माणसाच्या पायाच्या हाडांत तो बहुतेक चरबीचा असतो. रक्त तयार करणारा लाल मगज मुख्यतः कमरेच्या नि छातीच्या हाडांत आणि मणक्यांत असतो. त्यातल्या मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स बनतात.

ल्युकेमिया, थॅलेसेमिया यांसारख्या आजारांत हा कारखानाच बिघडतो. तेव्हा केमोथेरपीनं जुनी मज्जा नष्ट करून रुग्णाशी जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी देतात. त्यासाठी रुग्णाचं हाड कापत नाहीत. सलाइनसारखी पिशवी लावतात, पेशी रक्तातून मज्जेत पोचतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत रुजतात. तोवर संसर्गाची मोठी भीती असते, म्हणून रुग्णाला वेगळ्या खोलीत जपतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी मज्जा-प्रत्यारोपण केलं. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली होती.

सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता फक्त २५ टक्के. म्हणून अनोळखी दात्यांची नोंदणी मोलाची. त्यासाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की पुरतं. पुढं जुळणी झालीच, तर पेशी बहुधा हाताच्या शिरेतून, यंत्राच्या मदतीनं घेतात. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. भीती सोडून नाव नोंदवा. कुणाचं तरी लेकरू वाट पाहतंय.