गोतावळा हुबळी-धारवाडात जमतो तेव्हा

गोव्यात आणि बेळगाव, पुणे, बंगळुरूत विखुरलेले नातेवाईक सुटीत एकत्र जमायचे ठरवतात, तेव्हा हुबळी-धारवाडचे नाव साहजिकच पुढे येते. सर्व बाजूंचे रस्ते आणि लोहमार्ग तिथे मिळतात, हे एक कारण. दुसरे अधिक जुने आहे. मुरगाव बंदरापासून निघालेला लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅसलरॉक येथे सदर्न मराठा रेल्वेला जोडला गेला आणि त्या कंपनीचे मुख्यालय धारवाडात होते. १९१७ साली सुरू झालेले कर्नाटक कॉलेज आज ज्या इमारतीत आहे, ती मूळची या रेल्वेची. गोव्याहून नोकरी, शिक्षण आणि सोयरिकीसाठी घाटावर जाणारी वाट याच रुळांवरून गेली.

म्हणूनच अशा सहलीत स्थळांच्या यादीपेक्षा वडीलधाऱ्यांची आठवण हा पहिला नकाशा धरावा. मामाचे बिऱ्हाड कोणत्या गल्लीत होते, काका कोणत्या वसतिगृहात राहत, हे सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. जुने वाडे जाऊन सदनिका उभ्या राहत आहेत. पत्ता सांगणारे माणूसही गेले, की घराची जागा गावात असूनही नातवंडांना सापडत नाही. आजी-आजोबांना लॉजवर विश्रांतीसाठी ठेवून इतरांनी फिरायला निघणे योग्य नव्हे. सकाळचा पहिला फेरा त्यांच्या सोयीने आणि त्यांच्याच सांगण्यावरून व्हावा.

दोन्ही शहरांत सुमारे वीस किलोमीटरचे अंतर आहे. स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या ‘चिगरी’ बसने, म्हणजे कन्नडमधल्या हरिणीने, ते सुखाने कापता येते. याच वाटेवर उणकल आणि अमरगोळ येथे चालुक्यकालीन मंदिरे आहेत. उणकलचे चंद्रमौळेश्वर मंदिर घरांच्या दाटीत असल्याने अनेकांच्या नजरेतून सुटते. चार दिशांना चार दारे असलेली त्याची रचना मुलांना प्रत्यक्ष फिरवून दाखवण्याजोगी आहे. हुबळी स्थानकाचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट मात्र गाडीतून उतरतानाच पाहून होतो. त्यासाठी वेगळा वेळ राखण्याचे कारण नाही.

उणकल तलावाकाठी गप्पा रंगल्या, की पाण्याचा विषय निघतोच. हुबळी-धारवाडच्या अनेक वस्त्यांनी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या नळावर संसार केला, आणि तिथल्या लोकांची आशा कळसा-भांडुरा योजनेवर आहे. गोव्यासाठी तीच योजना म्हणजे म्हादईवरचे संकट. लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला तरी वाद मिटलेला नाही. हुबळीतला मामेभाऊ आणि सत्तरीतला आतेभाऊ एका पंगतीला बसून हा विषय टाळण्यापेक्षा परस्परांच्या घरची स्थिती ऐकून घेतील, तर बरे.

धारवाडसाठी पूर्ण दिवस राखावा, कारण गोमंतकीयांना तिथे घरचेच धागे सापडतात. पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचे ‘मृत्युंजय’ हे निवासस्थान आता स्मारक आहे. मन्सूर ज्या जयपूर-अत्रौली घराण्याचे, त्याच घराण्याच्या केरीच्या केसरबाई आणि साळावलीच्या जलाशयात बुडालेल्या कुर्डीच्या मोगूबाई. केसरबाई व मोगूबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, तर मन्सूर त्यांच्या पुत्रांकडे. साधनकेरीच्या तळ्याजवळ द. रा. बेंद्रे यांचे घर आहे. घरी मराठी बोलणाऱ्या या कवीला कन्नड काव्यासाठी १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले. आणि मराठी कथेला अपूर्व उंचीवर नेणारे जी. ए. कुलकर्णी याच गावात इंग्रजी शिकवत राहिले. भाषेवरून भांडणाऱ्या मोठ्यांना हे गाव थोडे गोंधळात टाकते.

गाण्याची ओढ असलेल्यांनी हुबळीजवळचे कुंदगोळ चुकवू नये. सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने तिथे जात. भीमसेन जोशीही तिथेच घडले. स्मारके कोणत्या दिवशी उघडी असतात, याची मात्र आधी फोनवरून चौकशी करावी.

परतताना बेळगाव रस्त्यावरच्या कित्तूरला थांबता येते. राणी चन्नम्मांच्या सैन्याने ऑक्टोबर १८२४ मध्ये धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला याच किल्ल्यापाशी ठार केले. आज तिथे वाड्याचे भग्नावशेष आणि संग्रहालय आहे. चढण फारशी नसल्याने वृद्धांनाही ते पाहता येते. धारवाडी पेढे निघण्याच्या दिवशीच घ्यावेत, आणि प्रत्येक घरासाठी वेगळा पुडा बांधून घ्यावा.