व्यक्तिनामे : अभिरुची आणि अधिकार

व्यक्तिनामांतील बदलांचा विचार सामान्यतः अभिरुचीच्या अंगाने केला जातो. विठोबा, रखमा, गोदावरी ही नावे मागे पडली आणि संस्कृत वळणाची नादमधुर नावे रूढ झाली, एवढे नोंदवून तो बहुधा थांबतो. परंतु नाव कोण ठेवतो आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाला असतो, हे विचारल्याशिवाय या बदलांची संगती लागत नाही.

प्रथम संतपरिवारातील नावे पाहू. नामदेवांच्या पुत्रांची नावे नारा, विठा, गोंदा, महादा अशी आढळतात. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव या देवतानामांची ही घरगुती रूपे होत. मुलाला हाक मारताना देवाचे नाव मुखी यावे, ही अशा नामकरणामागील श्रद्धा. तथापि नावाचे रूप समाज ठरवीत असे. विठ्या, विठोबा, विठ्ठलपंत, विठ्ठलराव यांतील अंतर केवळ व्याकरणाचे नाही; ते सामाजिक श्रेणीचेही आहे.

धोंडू, दगडू या नावांची उपपत्ती अशी सांगितली जाते की, अपत्ये जगत नसत त्या घरात दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम क्षुद्र वस्तूचे नाव ठेवीत. धोंडो हे नाव ब्राह्मण घरांतही होते. धोंडो केशव कर्वे हे त्याचे परिचित उदाहरण. मात्र मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, तर शूद्राचे निंदाव्यंजक असावे, असे सांगितले आहे. म्हणून दलित वस्तीतील कचरू, दगडू या नावांचा उगम केवळ वात्सल्यात शोधता येणार नाही. ‘बलुतं’ (1978) या आत्मकथनात दया पवार आपली कहाणी दगडू मारुती पवार याच्या तोंडून सांगवितात. एकाच व्यक्तीची ही दोन नावे दोन सामाजिक अस्तित्वे ठरतात. 1956 च्या धर्मांतरानंतर गौतम, सिद्धार्थ, राहुल, संघमित्रा, सुजाता ही नावे घरोघर आली. त्यांना नवी रुची म्हणणे अपुरे आहे. लादलेल्या नावाचा तो नकार होता.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना. दोघींचे कर्तृत्व इतिहासात नोंदले गेले ते विवाहानंतरच्या नावाने. ‘नकुशा’ हे नाव तर मुलगी नकोशी असल्याचेच सांगते. दगडू आणि नकुशा ही दोन्ही नावे वरवर सारखीच हीनतादर्शक वाटतात. परंतु पहिल्यात अपत्य जगावे ही इच्छा असू शकते, दुसऱ्यात त्याच्या जन्माचा खेद आहे. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्यांपैकी काहींनी आपले नाव स्वतः निवडले, ही बाब लक्षणीय आहे.

म्हणून कथा-कादंबरीतील वा आत्मचरित्रातील पात्रनामांचा अभ्यास करताना नावाचा अर्थ आणि नाद यांवर थांबू नये. ते नाव कोणी दिले, कोणत्या रूपात उच्चारले गेले आणि ज्याचे नाव त्याला ते नाकारता आले का, हे पाहणे अगत्याचे आहे. नामांतराचा इतिहास हा या नकाराच्या सामर्थ्याचाही इतिहास आहे.