सार्वजनिक पैशाचा जमाखर्च

महिनाअखेर घरच्या वहींत चार रुपये उरले, म्हणजे तें आपल्या काटकसरीचें फळ मानून गृहिणी समाधान पावते. आणि तें यथार्थच आहे. परंतु हीच दृष्टि सार्वजनिक संस्थेच्या वहीस लाविली असतां केवढा घोटाळा होतो, याचा अनुभव आम्हीं फणसवाडींत घेतला आहे.

ज्या गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळीनें १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव मांडला, तेथें वर्गणी देणें कोणास जड जात नाहीं. आमच्या एका लहानशा वाचनालयाची किर्द कांहीं वर्षें आमच्याकडे होती. एका वर्षीं शिल्लक बरीच दिसली, म्हणून मंडळींनीं उत्साहानें नवीं कपाटें घेतलीं. पुढें शेजारच्या चाळींतील एक वृद्ध बाई आल्या. दिवंगत यजमानांच्या नांवें त्यांनीं आमच्याकडे रक्कम ठेविली होती. तिच्या व्याजांतून दरवर्षीं एका गरीब विद्यार्थ्यास क्रमिक पुस्तकें द्यावयाचीं होतीं.

"यंदाचीं पुस्तकें कोणास दिलींत?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

पावती होती, किर्दींत जमा होती, एक पैहि कोणी घरीं नेली नव्हती. पण कपाटें त्याच पैशांतून आलीं होतीं! आम्हांस मान वर करवेना. शेवटीं मंडळींनीं पदरमोड करून ती रक्कम भरून काढली.

आलें तें जमा, गेलें तें खर्च, एवढेंच आम्हीं पाहात होतों. वर्षाची वर्गणी हें उत्पन्न खरें. परंतु मूळ रक्कम न मोडण्याच्या अटीवर मिळालेला पैसा हा कायम निधि होय. त्याची जागा ताळेबंदांत, निधि व देणीं यांच्या बाजूस. पैसा संस्थेच्या हातीं असतो, पण तिला मोकळा नसतो.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यानें हिशेब दरवर्षीं बंद करून तपासून घेण्याचें बंधन घातलें आहे. तपासनीसानें ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचें पत्रक धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीस पाठवावयाचें, आणि संस्थेच्या उद्देशाबाहेर पैसा गेला काय, हेंहि सांगावयाचें. गंमत अशी कीं, आमचीं कपाटें या प्रश्नांतून कदाचित् निसटलीं असतीं. कपाट घेणें हें वाचनालयाचेंच काम नव्हे काय? देणाऱ्याची अट कागदावर नसेल, तर तपासनीस तरी ती कोठून वाचणार?

म्हणून आम्हीं पावतीपुस्तकांत 'कशाकरितां' असा एक रकाना छापून घेतला. पुढल्या जूनमध्यें बाई आल्या, त्या नवी देणगी घेऊनच. पावती हातीं पडतांच त्यांनीं चष्मा लावून प्रथम तोच रकाना वाचला.